मशीनवरचा दिवा

"अगं, दिवा लावलास का?"

आतल्या खोलीतून प्रश्न आला, तेव्हा काकूंनी सुईच्या नेढ्याशी आणलेला दोरा पुन्हा चुकला होता.

"नाही हो."

"मग खटका वाजला तो?"

"कात्री पडली."

कात्री पडली होती हे खरंच होतं. ती शोधायला बटण दाबलं होतं, एवढंच त्या बोलल्या नाहीत. दिवा विझवून त्या खिडकीशी सरकल्या. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती. त्या भिंतीवरून परतून येईल तेवढा उजेड त्यांच्या वाट्याचा, आणि दुपार कलली की तोही आटत जायचा.

"या वेळेला दिवा लागत नाही," आतून आवाज आला. "डोळ्यांना सवय लावावी. सवय लागली की सगळं दिसतं."

"दिसतंय," काकू म्हणाल्या आणि अंदाजानेच दोरा ओवू लागल्या.

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरची शेजारीण होती, हातात नवऱ्याची पँट.

"काकू, रागावू नका हं. पण जरा इकडे जिन्यात या, म्हणजे दिसेल."

जिन्यातल्या दिव्याखाली तिने पँटचे दोन्ही पाय उलटे करून दाखवले. पँट गडद निळी होती. एका पायाची दुमड निळ्या दोऱ्याने घातलेली होती, दुसऱ्याची काळ्या.

"आमचे हे तसेच ऑफिसात गेले. साहेबांनी विचारलं म्हणे, नवीन फॅशन का?" ती हसली. काकूंचं तोंड उतरलेलं पाहून तिने हसू आवरलं. "चालतंय हो. पण दिव्याखाली अंधार म्हणतात, तुमच्याकडे तर दिव्याच्या वरसुद्धा अंधारच! काकांना सांगा की जरा."

"पालथ्या घड्यावर पाणी," काकू हळूच म्हणाल्या. "द्या इकडे. उसवून परत घालते."

"कोण आहे?" आतून काकांनी विचारलं. "दार लोटून बोला. पंखा चालू आहे, सगळी हवा बाहेर जाते."

शेजारणीने डोळे मिचकावले आणि ती जिना उतरली. पोरंटोरं काकांना 'बंदकाका' म्हणत, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनाही.

ते नाव नोकरीतून आलं होतं. काका वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाइनला तिथे फीडर म्हणत. मागणी वाढली, वीज पुरेनाशी झाली, की वरून फोन यायचा, अमुक फीडर बंद करा. काका फोनमध्ये "बंद" म्हणायचे आणि बटण फिरवायचे. समोरच्या पॅनेलवरचा तांबडा दिवा विझून हिरवा लागायचा, आणि गावाचा एक तुकडा काळोखात जायचा. एका संध्याकाळी त्या तुकड्यात त्यांचंच घर होतं. लेकीची परीक्षा होती. काका पाळी संपवून घरी आले तेव्हा ती मेणबत्तीशी वाकून वाचत होती आणि तिच्या कपाळावरच्या बटा जळून आखडल्या होत्या. पोरगी हसत होती. काकूही हसल्या. काका हसले नाहीत.

"कुणीतरी कुठेतरी फुकट जाळतंय," ते म्हणाले, "म्हणून मला बंद करावं लागतं."

तेव्हापासून घराला वळण लागलं. भाताचं पातेलं झाकणाशिवाय ठेवायचं नाही. शिजत आला की गॅस बंद करायचा, पुढचं काम वाफ करते. फ्रिज उघडण्याआधी काय काढायचं ते ठरवायचं, दार धरून विचार करत उभं राहायचं नाही. इस्त्रीचे कपडे साठवून एकदाच करायचे आणि शेवटचे रुमाल बंद केलेल्या इस्त्रीच्या उरलेल्या उबेवर फिरवायचे. फोन भरला की चार्जर भिंतीतून काढायचा. दिव्यांवरची धूळ पुसायची, कारण धूळ बसलेला दिवा वीज तेवढीच घेतो आणि उजेड कमी देतो. खोलीतून बाहेर पडताना बटण दाबायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "बंद."

यात वाईट काहीच नव्हतं. पुष्कळ वर्षं काकू हे कौतुकाने सांगत. रुमालांची युक्ती तर त्यांनी जावेलाही शिकवली होती. शहाणपणाची कोंडी नेमकी कधी होते, हे सांगणं कठीण आहे. बहुधा ती होऊन गेल्यावरच कळतं.

शिवणाच्या मशीनवर वाकड्या मानेच्या दांडीत एक जुना दिवा होता. आत तार तापून पिवळा जळणारा. काका त्याला शेगडी म्हणत. "हा दिवा आहे का? खातो ती सगळी वीज उष्णतेत घालवतो आणि उरलासुरला उजेड देतो. हात धरून बघ." पण त्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. "तुझ्या कामाचा आहे, राहू दे."

मग अलीकडे, निवृत्तीला बरीच वर्षं झाल्यावर, एके दिवशी तो दिवा दिसेना. त्याच्या जागी गारढोण पांढरा, बोराएवढा दिवा आला. "हा पुरतो," काका म्हणाले. काही महिन्यांनी तोही नको झाला, दिवसाच शिवत जा म्हणाले. बोळातला दिवा बंद झाला, न्हाणीघरातला बंद झाला. त्याच सुमारास काकांना आणखी एक खोड लागली. वस्तू जागची हलली की ते संतापत. खुर्ची वीतभर सरकली तरी, "कुणी हलवली ही?" घरात माणसं दोन. दुसरं कोण हलवणार?

म्हातारपणी माणूस हेकट होतो, असं काकूंनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शेजारणीच्या नवऱ्याच्या पँटसाठी निळा दोरा आणायला त्या मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेल्या. तिथे दोरे-बटणं मिळायची आणि कपडे दुरुस्तीचं कामही चालायचं. मालकीण अंगाने भरलेली, बोलण्याने त्याहून. गळ्यातली टेप ती बहुधा झोपतानाही काढत नसावी.

"काकू, या टेबलावरची पोरगी लग्न होऊन गेली," ती म्हणाली. "बसा बघू जरा."

"मी? छे."

"बसा तर. बसायला काय जातं तुमचं?"

टेबल भल्यामोठ्या काचेच्या खिडकीशी होतं, वर ट्यूब लावलेल्या. काकू बसल्या. मालकिणीने सुई आणि दोरा पुढे केला. दोरा एका खेपेत नेढ्यातून आरपार गेला. त्यांनी तो ओढून काढला आणि पुन्हा एकदा ओवून पाहिला. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. हातांवर तपकिरी डाग पडले होते. हे कधी पडले? किती तरी दिवसांत आपण आपले हात नीट पाहिले नाहीत, असं त्यांना वाटलं.

"रोज यायचं. दिवसभर. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवते," मालकीण म्हणाली. "मग मात्र दुसरीला बसवीन. तेव्हा काकूबिकू काही ऐकायची नाही."

जेवताना त्यांनी विषय काढला. टेबलावर एक मिणमिणता दिवा होता. जेवणापुरती तेवढी मुभा असे.

"मी दुकानात कामाला जाणार आहे."

काकांचा घास हातातच राहिला. "कशाला? मशीन आहे की घरात."

"मशीन आहे. उजेड नाही."

"आणि माझं दुपारचं?"

"झाकून ठेवीन. वाफेवर गरम राहील. तुम्हीच शिकवलंत."

"कुणी आलं-गेलं, फोनबिन..."

"तुम्ही काय कुक्कुलं बाळ आहात?"

काकांनी घास परत ताटात ठेवला. मग ताटाकडे तोंड करून म्हणाले, "नको जाऊस."

असं ते कधी म्हणत नसत. त्यांची वाक्यं हुकमाची असत, याचनेची नाही. पण काकू इतक्या चिडल्या होत्या की तो फरक त्यांना ऐकूच आला नाही.

"मी काय तुमचं फीडर आहे? बंद म्हटलं की बंद?"

बाहेर कुणीतरी जिना चढत होतं. पावलं वर जाऊन विरली.

"जा," काका म्हणाले. "एक दिवस जाऊन बघ."

निघायच्या दिवशी सकाळी आभाळ गच्च होतं. काका न्हाणीघरात होते. काकूंना कात्री सापडेना, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातली ट्यूब लावली. सकाळची ट्यूब ही त्या घरात न ऐकलेली गोष्ट. कात्री सापडली, डबा घेतला, ताट झाकलं, आणि घाईत त्या तशाच बाहेर पडल्या.

दिवस कसा गेला ते कळलं नाही. चार जणी होत्या. एकमेकींच्या सासवांच्या नकला करत काम चालायचं. दुपारी डबा उघडला आणि काकूंचा हात थांबला. "अगं बाई! ट्यूब चालूच राहिली."

"मग? नवऱ्याला हात नाहीत?" मालकीण म्हणाली.

"तुम्हाला आमचे हे माहीत नाहीत. झोपेतून उठून बंद करतील. आणि मी गेले की ऐकवतील, उद्यापासून जायचं नाही म्हणून."

घरी परतताना त्या उत्तरं जुळवत होत्या. एक दिवस राहिली ट्यूब. आयुष्यभर तुमचं ऐकलं. एक दिवस.

आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून त्या आत आल्या. बाहेर अजून थोडा उजेड होता. स्वयंपाकघरातली ट्यूब जळत होती.

काका तिच्या बरोबर खाली, टेबलाशी बसले होते. दोन्ही हात टेबलावर पसरलेले. ताट अर्धवट जेवलेलं. खाली फरशीवर भाताची शितं पडली होती, आणि त्यांतली काही पायाखाली चिरडलेली.

"आलीस?" ते म्हणाले. "दमली असशील."

काकू दोन पावलं पुढे आल्या. आता बोलतील, त्यांना वाटलं.

"दिवा लाव हवं तर," काका म्हणाले. "आज लाव. उगाच ठेचकाळशील कुठेतरी."

काकूंनी वर पाहिलं. ट्यूब बारीक गुणगुणत होती. टोमणा असेल, असं पहिल्यांदा मनात आलं. पण काकांचा चेहरा टोमण्याचा नव्हता. तो चेहरा दाराकडे वळलेला होता, आणि काकू दारातून केव्हाच पुढे आल्या होत्या.

त्या भिंतीशी गेल्या. बोट बटणावर ठेवलं. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण त्यांनी ते दाबलं. खटका वाजला. ट्यूब विझली आणि खोली राखाडी झाली.

"हं," काका समाधानाने म्हणाले. "आता कसं स्वच्छ दिसतंय."

डोळ्यांचा डॉक्टर तरुण होता आणि हळू आवाजात बोलणारा.

"काचबिंदू आहे. जुना, मुरलेला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. यात गेलेली नजर परत येत नाही. थेंब देतो, पण ते फक्त डोळ्यांतला दाब वाढू नये म्हणून." त्याने कागद बाजूला ठेवला. "पण हा काही एका दिवसात होत नाही. कडेकडेने खात येतो. चालताना आपटत असतील, काही सांडत असेल. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आमच्या घरात सगळेच चाचपडतात," काकू म्हणाल्या.

डॉक्टरला ते समजलं नाही. काकांना समजलं. त्यांनी मान खाली घातली.

घरी आल्यावर काकूंनी आधी सगळे दिवे लावले. बोळातला, न्हाणीघरातला, स्वयंपाकघरातला. एकेक खटका वाजत गेला आणि काका खुर्चीत बसून तो ऐकत राहिले. मग काकू त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. उजेडात पहिल्यांदाच त्यांना काकांच्या उजव्या हाताच्या बोटांवरचे फोड दिसले.

"हे काय?"

"काल चहा गरम केला. ज्योत लागली की नाही ते हात धरून बघतो."

"कधीपासून कळलंय तुम्हाला?"

"कॅलेंडरवरचे आकडे जायला लागले तेव्हा. मग फ्रिजवरचा तो तांबडा ठिपका." ते थांबले. "जन्मभर तांबडं-हिरवं बघण्याचाच पगार खाल्ला. म्हटलं, कुणाला सांगायचं?"

"मला."

काकांनी फोड आलेला हात मांडीवर उलटा ठेवला.

"मला सांगायचं होतं. डॉक्टरकडे गेलो असतो. वेळेत गेलो असतो." काकूंचा आवाज चढला. "माझा दिवा काढलात तुम्ही. मला वाटलं वीज वाचवताय. मी आंधळ्यासारखी शिवत होते तिथे खिडकीत, लोकांचे बोल ऐकत होते. आणि तुम्ही..."

"अंधारात आपण दोघं सारखे होतो," काका म्हणाले.

काकूंना पुष्कळ बोलायचं होतं. दोन वर्षांचं साठलेलं होतं. पण त्यांची नजर पुन्हा त्या फोडांवर गेली. त्या आत गेल्या आणि फोडांना लावायचं मलम घेऊन आल्या.

लेक परगावी होती. फोनवर आधी रडली, मग म्हणाली, "आई, तू कामाला जा. बाबांसाठी दिवसा कुणीतरी बाई बघू."

"ते तिला पंखा तरी लावू देतील का?" काकू म्हणाल्या. दोघी हसल्या. मग कुणीच हसलं नाही.

तरी त्यांनी एक बाई पाहिली. ती आली, खुर्ची झाडायला बाजूला ओढली आणि तिथेच सोडून गेली. काका तिच्यावर आपटून पडले. गुडघ्यावर निभावलं. त्यानंतर काकूंनी दुसरी पाहिली नाही. दुकानात फोन करायचा राहून जात होता, की त्याच टाळत होत्या, कोण जाणे. त्यांनी केला तेव्हा महिना उलटून गेला होता.

"काकू, तुमची वाट बघितली हो," मालकीण म्हणाली. नेहमीचा तोरा आवाजात नव्हता. "कालच दुसरी बसली टेबलावर."

"बरं केलंत," काकू म्हणाल्या. "खिडकीची काच पुसत जा म्हणावं तिला. धूळ बसली की उजेड कमी येतो."

फोन ठेवून त्यांनी चार्जर भिंतीतून काढला. हाताच्या सवयीने.

आता घरात हवे तेवढे दिवे लागत. अडवणारं कुणी उरलं नव्हतं. काका मात्र संध्याकाळची फेरी सोडत नसत. भिंतीला धरून ते खोल्याखोल्यांतून जात, प्रत्येक बटण बोटाने चाचपत. खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद. बटण खाली लागलं की बोट जरा वेळ तिथेच थांबायचं. मग ते पुढे सरकत.

त्या दिवशी फेरी संपवून ते मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"काय शिवतेस?"

"पडदा. दुमड घालतेय."

"कुठला दिवा आहे?"

"तोच. बोराएवढा."

"दिसतंय?"

"चालतंय."

काका थोडे घुटमळले. "कपाटाच्या वरच्या फळीवर माझी लोकरीची टोपी आहे. काढ जरा."

"आता टोपी कशाला? थंडी कुठाय?"

"काढ तर."

काकू स्टुलावर चढल्या. टोपीत काहीतरी गोल, टणक हाताला लागलं. उलगडली तर आत तो जुना दिवा होता, मऊ लोकरीत गुंडाळलेला. त्यावर धुळीचा कण नव्हता.

त्या मशीनपाशी आल्या. छोटा दिवा काढून तो फिरवून बसवला आणि बटण दाबलं. पडद्यावर पिवळा उजेड सांडला.

"लागला?"

"तुम्हीच बघा."

काकांनी हात पुढे केला. आधी तो मशीनच्या चाकाला लागला, मग दिव्याच्या वाकड्या मानेला, आणि मग त्यांनी तळवा दिव्याखाली धरला. बोटांवरचे फोड सुकत आले होते. बराच वेळ ते तसेच उभे राहिले, फोनवर वरून येणारा हुकूम ऐकताना उभे राहत असतील तसे.

"लागलाय," ते म्हणाले. "शेगडीच आहे नुसती."

"मग काढू?"

"नको."

हात त्यांनी तिथेच ठेवला. त्याची सावली पडद्यावर, नेमकी दुमडीवर पडत होती. टीप जिथे घालायची तिथे काकूंना कापड काळंच दिसत होतं. हात जरा बाजूला घ्या, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

त्यांनी कापड सुईखाली सारलं, बोटाने दुमडीची कड चाचपली, आणि त्या सावलीतूनच मशीन चालवायला सुरुवात केली.